बाथरूममधला तांब्याचा दिवा

ती आंघोळ मला आजही आठवते. माझी नव्हे. माझ्या आंघोळीत लक्षात ठेवण्यासारखे काही नसते, आणि बंदोबस्ताच्या दिवसांत तर ती होईलच याचीही खात्री नसे. ही आंघोळ कोथरूडमधल्या एका सत्तरी ओलांडलेल्या बाईंची. भाऊबीजेच्या सकाळी त्या बाथरूममध्ये चालत गेल्या आणि तिथून त्यांना उचलून आणावे लागले.

मला गोष्टी रंगवून सांगायला आवडतात. खात्यात असताना माझे एक वरिष्ठ म्हणायचे, "पंचनामा लिहायला सांगितलाय, नाटक नाही." स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून ती अडचण उरलेली नाही. लग्नाच्या पंगतीत कुणी 'एखादी केस सांगा' म्हटले की मी खुर्ची पुढे ओढतो, आवाज खाली आणतो आणि जमले तर खोलीतले दोन दिवेही मालवायला लावतो. ही एकच हकिकत मी सगळे दिवे लावून सांगतो. का, ते कळेलच. नावे मात्र कुणाचीच सांगणार नाही.

दिवाळीत पोलीस ठाण्यावर येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. कुणाच्या तरी फटाक्याने कुणाची तरी गाडी भाजते, गावाला गेलेल्यांची कुलपे फुटतात आणि पार्किंगची नेहमीची भांडणे नवे कपडे घालून येतात. त्या सकाळी आमचे ठाणे अंमलदार चकल्यांचा डबा उघडून बसले होते, तेवढ्यात एका खासगी रुग्णालयातून वर्दी आली. वृद्ध महिला, बाथरूममध्ये पडली, दाखल करण्यापूर्वीच मृत्यू. अंमलदारांनी हात पुसले, अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि एक हवालदार रवाना केला. अशा नोंदी वर्षभर होतात. म्हातारे माणूस आणि ओली फरशी यांचे वैर जुने आहे. शवविच्छेदन, पंचनामा, नातेवाइकांचे जबाब झाले की प्रकरण सहसा तिथेच संपते.

दुपारी एक गृहस्थ माझ्या खोलीत आले. नवा पांढरा सदरा, हातात साडीच्या दुकानाची पिशवी आणि कोरडे कपाळ. भाऊबीजेच्या दुपारी नवा सदरा घातलेल्या माणसाचे कपाळ कोरडे असले की पोलिसाने काही विचारायचे नसते, फक्त खुर्ची द्यायची असते.

"मी कसब्यातला," ते म्हणाले. "तांब्याची भांडी घडवतो. सकाळी गेली ती माझी मोठी बहीण."

मी पाणी पुढे केले. त्यांनी पेला बाजूला सारला.

"साहेब, ती पडली नाही. तिला मारलंय."

"कुणी?"

"घरात माणसं किती? मेहुणे पंच्याहत्तरीचे. भाचा नोकरीसाठी जर्मनीत. राहिलं कोण, ते तुम्हीच बघा."

राहिली सून.

"गेल्या भाऊबीजेला मी ताईला एक दिवा घडवून दिला होता," ते सांगू लागले. "तांब्याचा. ठोक्याचं काम, वरती जाळी. आत विजेचा बल्ब. तो त्यांच्या बाथरूममध्ये लावला होता. आज तिथे नाही. परवाच ताई फोनवर म्हणाली, तुझ्याच दिव्याच्या उजेडात यंदाचं अभ्यंगस्नान झालं. मग गेला कुठे?"

"आणखी?"

"ताईचे गुडघे गेलेले. ती पाटावर बसूनच आंघोळ करायची. आज पाट बाहेर हॉलमध्ये. कुणी काढला? सुनेनं. मी बाथरूमकडे निघालो तर ही दारात आडवी. 'मामा, आत जाऊ नका.' का जाऊ नको?"

"दोघींचं पटायचं का?"

"दिव्यावरनं रोज कटकट. हा काढा, हा काढा. ती तिकडची आहे हो. यवतमाळची."

पुण्यात एखाद्याचे गाव सांगितले की अर्धे आरोपपत्र दाखल केल्यासारखे वाटते लोकांना. यवतमाळ मी बाजूला ठेवले. दिवा आणि पाट मात्र डोक्यात घेऊन निघालो.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. गॅलरीतला आकाशकंदील भर दुपारी पेटलेला होता, तो मालवायचे कुणाला सुचले नव्हते. हॉलच्या मधोमध लाकडी पाट, भोवती रांगोळी, आणि ती रांगोळी तुडवून गेलेली घाईची पावले. निरांजन तबकात तसेच. सोफ्यावर सासरे बसले होते. एका कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांच्या घरात शोक होता, तरी टापटीप सुटलेली नव्हती. प्रत्येक स्विचखाली सुवाच्य अक्षरांत चिठ्ठी: 'पंखा. विनाकारण नको.' 'गॅलरी. मालवलात का?' मला क्षणभर हसू आले, ते मी मिशीत दाबले.

बाथरूम वर्षा-दीड वर्षापूर्वी नवे केलेले होते. चकचकीत फिकट टाइल, शॉवर, आणि शॉवरशेजारी म्हाताऱ्या माणसाला धरून उठता यावे म्हणून भिंतीला बसवलेला स्टीलचा आडवा दांडा. दांड्याच्या एका टोकापाशी भिंतीतून दोन वायरी बाहेर लोंबत होत्या, टोकांना चिकटपट्टी. त्या टोकाच्या स्क्रूभोवती लालसर ओरखडा होता. तांब्याचा.

सून दाराशी उभी होती. तिशीतली, डोळे सुजलेले. आयटी कंपनीत नोकरी. काम काय करता, विचारले तर म्हणाली, "टेस्टिंग. दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधते."

"मग इथली सांगा. इथला दिवा कुठे आहे?"

"फुटला होता. टाकून दिला."

"कधी?"

"झाले असतील चार-पाच दिवस."

तेवढ्यात हॉलमधून सासऱ्यांचा आवाज आला. "अगं, काल रात्री तर मीच मालवला की तो!"

खोटे पकडले गेले की माणूस पोलिसाकडे पाहतो. आपण किती बुडालो, हे त्याला आमच्या चेहऱ्यावर वाचायचे असते. या बाईने माझ्याकडे पाहिलेच नाही. ती सासऱ्यांकडे पाहत होती. मी ते मनात नोंदवले, पण त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी शवविच्छेदनाचा प्राथमिक अभिप्राय आला. मृत्यू विजेच्या धक्क्याने. उजव्या तळहातावर आडवा, फिकट, टणक डाग. म्हणजे बाई घसरल्या नव्हत्या, त्यांनी काहीतरी धरले होते. आणि दिवा गायब होता, पाट हलवलेला होता, सून खोटे बोलत होती. तांबटमामांच्या आरोपाला आता दात फुटले होते. वरिष्ठांचा फोन आला. "कसली वाट बघताय? ताब्यात घ्या."

मी तिला ठाण्यावर बोलावले. ती तिच्या स्कूटरवरून आली. समोर आमच्या एक महिला हवालदार बसल्या होत्या, वीस वर्षे नोकरी केलेल्या. मी नेहमीप्रमाणे चहा मागवला. चौकशीत मी आधी चहा पाजतो. आरडाओरड्यापेक्षा स्वस्त पडतो आणि माणसाचे हात दिसतात. हिने कप उचललाच नाही, कारण तिच्या दोन्ही हातांत हेल्मेट होते. मांडीवर घेऊन बसली होती, लेकरासारखे.

हवालदारबाई माझ्या कानाशी आल्या. "साहेब, अख्ख्या पुण्यात बाई स्कूटरवरून उतरली की हेल्मेट डिकीत जातं. ही वर घेऊन आलीय."

"मग?"

"मग डिकीत जागा नाही."

डिकी उघडली. पंचांसमक्ष टॉवेलची एक गुंडाळी निघाली, आणि टॉवेलमध्ये दिवा. सुंदर होता. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याची चमक वेगळी. लोंबणाऱ्या वायरीच्या कापडी वेष्टणाला मात्र एका जागी चीर पडली होती.

"नदीवर गेली होती मी," ती एकदम बोलली. तिकडचे लोक बोलतात तसे, 'गेले होते' म्हणायच्या जागी. "पुलावर थांबली. फेकणार होती. पण मामांनी हातानं घडवला होता. आईंचा जीव होता त्याच्यावर. फेकवला नाही."

"लपवलात का?"

तिने हेल्मेट आणखी जवळ ओढले.

"पाट तुम्ही काढलात?"

"हो."

"का?"

त्यावर ती रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली, "मला अटक करा ना. करायची तर करून टाका."

माझ्या नोकरीत मी अटक टाळण्यासाठी लोकांना देवाच्या, आईच्या, आमदाराच्या शपथा घेताना पाहिले. एकाने तर माझीच शपथ घेतली. अटक मागणारे मात्र क्वचित भेटतात. त्यांनी एक तर खरोखर केलेले असते, नाही तर ते कुणाला तरी पाठीशी घालत असतात. कागदावर तिच्याविरुद्ध भक्कम प्रकरण उभे राहत होते: दिव्यावरून वैर, हलवलेला पाट, लपवलेला पुरावा. खुनाचे कलम लागले असते आणि तिची पुढची दिवाळी येरवड्याच्या भिंतीआड गेली असती. पण ती सासऱ्यांकडे पाहत होती, हे काही मनातून जाईना. मी वरिष्ठांकडे एक दिवस मागून घेतला. मिळाला, वर 'नाटक नको' हेही मिळाले.

विजेने माणूस गेला की सरकारचे विद्युत निरीक्षक जागेची तपासणी करतात. आलेले निरीक्षक बारीक चणीचे, अत्यंत मितभाषी गृहस्थ होते. त्यांनी मीटरपाशी बोर्ड उघडला, आत टॉर्च मारला, वाकून काही वाचले आणि मला जिन्यात बाहेर बोलावले.

"नव्या वायरिंगबरोबर इथे एक सुरक्षा स्विच बसवलाय," ते म्हणाले. "वीज भलतीकडे वाहायला लागली, माणसाच्या अंगातून म्हणा, की हा क्षणात सगळं बंद करतो. पडतो, म्हणतात लोक."

"मग त्या दिवशी का नाही पडला?"

"त्याला वळसा घालून वायर जोडलीय. काम अगदी सफाईदार. वर चिठ्ठीही लावलीय."

मी आत जाऊन चिठ्ठी वाचली. 'बिघडलेला. सारखा पडतो.' अक्षर ओळखीचे होते. पंखा विनाकारण न लावणारे.

आता मला दोन माणसांचे चेहरे एकत्र बघायचे होते. मी निरीक्षकांना विचारून मुद्देमालातला दिवा पूर्वीच्या जागी बसवायला लावला. मेन स्विच बंद होता आणि त्यापाशी निरीक्षक स्वतः पहाऱ्याला उभे होते. दिवाळीचे दिवस, भर दुपार, उन्हाचा लख्ख उजेड. वीज गेलेली घरच्यांना कळली नाही, आणि मीही सांगितले नाही. थोडे नाटक झाले म्हणायचे.

सासरे, सून आणि हवालदारबाई बाथरूमच्या दारात आले.

"काका," मी म्हटले, "दिवा असाच होता?"

दोन दिवस खाली घातलेली म्हाताऱ्याची मान वर आली. स्वतःच्या हातच्या कामाबद्दल कुणी विचारले की दुःखातला माणूसही थोडा सरळ होतो.

"अगदी असाच. हिच्या भावानं दिलेला. हॉलमध्ये जागा नव्हती, आणि हिला मोतीबिंदूमुळे आत दिसायचं नाही. म्हटलं, इथे लावू. आणि बघा, नव्या टाइलला एक भोक पाडलेलं नाही मी! दांड्याचाच स्क्रू काढला, त्यातच दिव्याची पट्टी अडकवली. भोकं पाडायला काय, कुणीही पाडतं."

"दांडा हलत नाही ना त्यामुळे?"

"हलतो? हत्ती लोंबकळू दे. थांबा, दाखवतो. दिवा लावा तुम्ही."

त्यांनी चपला दाराबाहेर सोडल्या, अनवाणी ओल्या फरशीवर उतरले आणि दांड्याकडे हात नेला. मी मोठ्याने म्हटले, "लावा दिवा."

"बाबा!"

मी गोळीबाराचे आवाज ऐकले आहेत, पण तसा आवाज नाही. ती हवालदारबाईंना ढकलून आत घुसली, म्हाताऱ्याला दोन्ही हातांनी कमरेला धरून मागे खेचले, आणि दोघेही दारात कोसळले.

"दांड्याला हात नका लावू, बाबा! दांड्यातच करंट हाय! आईंचा हात सुटत नव्हता, बाबा, सुटत नव्हता!"

मग निरीक्षक बाहेरून शांतपणे म्हणाले, "मेन बंद आहे. घाबरू नका." ते ऐकून तिने माझ्याकडे पाहिले. त्या केसमध्ये पहिल्यांदाच पाहिले. तिच्या लक्षात आले होते की दोन दिवस दाबून ठेवलेले सगळे आपण एका ओरडण्यात सांगून टाकले.

पुढचे तिने हॉलमध्ये जमिनीवर बसून सांगितले. त्या सकाळी सासरे मेव्हण्याची वाट पाहत खाली फाटकाशी गेले होते. बाथरूममधून तिला चमत्कारिक आवाज आला. दार ढकलले तर सासूबाई दांड्याला चिकटल्यासारख्या. ती मेनकडे धावली. मेन बंद केल्यावर हात सुटला, पण तोवर उशीर झाला होता. ओरडून शेजारी बोलावले, आणि शेजारी बाईंना उचलून खाली गाडीकडे नेत असताना तिने दिवा ओढून काढला, वायरींना पट्टी लावली. रुग्णालयात 'पडल्या' असे सांगितले.

"पण का?" मी विचारले.

"बाबांना कळलं असतं ना."

सासरे काही न कळून पाहत होते. तिने डोळे पुसले आणि पहिल्यांदाच त्यांच्याशी थेट बोलली.

"तो स्विच सारखा पडायचा तेव्हा मी म्हटलं होतं, बाबा, तो उगाच नाही पडत, काहीतरी सांगून राहिला आहे. तुम्ही म्हणाले, तुमच्याकडे वऱ्हाडात सगळेच फार बोलतात, आता स्विचही बोलायला लागले. दांडा धरला की हाताला मुंग्या येतात म्हटलं. आईंनाही यायच्या. तुम्ही म्हणाले, वात आहे. वैद्यांनी तेल दिलं. आई त्याच तेलाचे हात दांड्याला लावायच्या."

"मग वर्षभर काहीच कसं झालं नाही?" म्हाताऱ्याने विचारले. "रोज धरायची ती दांडा."

उत्तर निरीक्षकांनी दिले. हॉलमधल्या पाटाकडे बोट करून. "त्या रोज लाकडावर बसायच्या. पाय पाटावर घेऊन. लाकडातून वीज फारशी जात नाही. नुसत्या मुंग्या येतात."

"घरात दोन पाट होते," ती म्हणाली. "बाथरूम नवं केलं तेव्हा जुनाट दिसतो म्हणून एक देऊन टाकला. भाऊबीजेला मामांना बसवायला पाट पाहिजे होता. मी आतला काढला, धुतला, पुसला, रांगोळी काढली. आई म्हणाल्या, असू दे गं, आज उभ्यानंच करते आंघोळ. दांड्याचं मला माहीत होतं. पाटाचं माहीत नव्हतं."

म्हणून ती अटक मागत होती. सासऱ्यांना वाचवायचे होते, हे अर्धेच खरे. उरलेल्या अर्ध्यात ती स्वतःला आरोपी धरून बसली होती, आणि त्या न्यायालयात तिला वकील नव्हता.

सासरे उठले, मीटरच्या बोर्डापाशी गेले आणि नखाने आपली चिठ्ठी खरवडू लागले. ती नीट चिकटवलेली होती, निघेना. शेवटी सुनेने जाऊन त्यांचा हात धरला.

संध्याकाळी मी तांबटमामांना ठाण्यावर बोलावून सगळे सांगितले. ते ऐकेनात. "माझा दिवा कसा मारेल? माझ्या हातचं काम आहे. तिनंच वायर कापली असेल." मी त्यांच्यापुढे दिवा ठेवला. ज्या छिद्रातून वायर आत जात होती, तिथे निरीक्षकांनी खडूने खूण केली होती. दिवा घडवला होता तेलासाठी. बहिणीच्या हट्टाने मामांनीच नंतर त्याला छिद्र पाडून वायर घातली होती. मामांनी छिद्रावर अंगठा फिरवला. दुसऱ्यांदा फिरवला. कडेला धार होती. तिथे रबराचे कडे बसवायचे राहून गेले होते, आणि वर्षभर दिवा जरा हलला की ती धार वायर कापत गेली होती. मामांनी अंगठ्यावर उमटलेला रक्ताचा ठिपका पाहिला आणि सदऱ्याला पुसला. मग साडीची पिशवी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "ही त्या पोरीला द्या. मला तोंड नाही तिच्याकडे जायला." मी म्हटले, पोलीस साड्या पोचवत नाहीत, कोथरूडला बस जाते. ते गेले. पुढे कळले, खरोखर तिकडेच गेले.

गुन्हा निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याचा दाखल झाला, सासऱ्यांवर. सुनेने पुरावा हलवला होता, तोही कायद्याच्या भाषेत अपराधच. कोणत्या कारणाने हलवला, ते मी अहवालात इतके सविस्तर लिहिले की वरिष्ठांनी विचारले, "हा अहवाल आहे की अंक तिसरा?" पण त्यांनी त्यातला एक शब्द खोडला नाही, आणि तिच्यावर कारवाई झाली नाही.

सासऱ्यांचा जबाब घ्यायला मी स्वतः बसलो होतो. आमची पद्धत अशी की नाव, वय, धंदा, पत्ता यांनी सुरुवात होते. त्यांनी मला थांबवले.

"साहेब, पहिलं वाक्य मी सांगतो ते घाला. 'माझ्या सुनेने मला सांगितले होते.' मग बाकीचं."

"काका, क्रमानं घेऊ. ते पुढे येईलच."

"नाही. ते पहिलं. आमच्या घरात ते नेहमी शेवटी यायचं."

मी पहिले घातले.

या प्रकरणात गुन्हेगार शोधायला गेलो आणि हाती लागली एक चांगल्या माणसांची साखळी. भावाने प्रेमाने दिवा दिला, नवऱ्याने काळजीने तो लावला, सुनेने मानाने पाट मांडला. प्रत्येक कडी चांगुलपणाची, आणि बाई गेल्या. दुष्ट माणूस पकडणे सोपे असते हो, त्याच्या बेड्यांचे माप आमच्याकडे तयार असते.

त्यानंतर मी कुणाच्याही घरी गेलो की हात धुवायच्या निमित्ताने बाथरूममध्ये शिरून वर बघतो. ही हकिकत सगळे दिवे लावून सांगतो तीही म्हणूनच, ऐकणाऱ्यांनीही वर बघावे म्हणून. बायकोला याची लाज वाटते. आमच्या घरासाठी दिवा घ्यायला तपकीर गल्लीत गेलो, तेव्हा तिने एका लोंबत्या काचेच्या झुंबराकडे बोट दाखवले. दुकानदार तिच्याकडे न बघताच म्हणाला, "वहिनी, आंघोळ करायचीय का दरबार भरवायचाय?" मग त्याने एक साधा, गोल, पांढरा, दुधी झाकणाचा दिवा काढला. पाणी आणि वाफ आत जाणार नाही असा पक्का बंद, अंगाला कुठे उघडा धातू नाही. मी म्हटले, हाच. छताला लावला, शॉवरखाली उभे राहून हात वर केला तरी पोचणार नाही असा; परवाना असलेल्या वायरमनकडून, अर्थिंग तपासून, आणि स्विच दाराबाहेर. वायर नेण्यासाठी टाइलला एक नवे भोक पाडावे लागले. दिवा दिसायला अगदीच सामान्य आहे. त्याच्याकडे बघून कुणी 'वा' म्हणत नाही. आंघोळीच्या जागी मला 'वा' नकोच आहे.

आणि मीटरपाशी तो सुरक्षा स्विच आहे. त्याला एक छोटे बटण असते, तो जागा आहे की नाही हे बघायला. अधूनमधून मी ते दाबतो. खट्‌ आवाज होतो आणि सगळे घर अंधारते. मिक्सर थांबतो, टीव्ही थांबतो, आणि स्वयंपाकघरातून बायकोची कटकट सुरू होते: पुन्हा दाबलंत ना, चटणी अर्धी राहिली, सांगून दाबायला काय होतं, तुमचं आपलं काहीतरी नेहमीचंच.

मी लगेच स्विच वर करत नाही. अंधारात उभा राहतो आणि तिचे सगळे ऐकून घेतो. शेवटच्या शब्दापर्यंत.